हॉबी सीएनसी राउटरचं अर्थिंग: मशीन मधेच अडकतं तेव्हा कुठून सुरुवात करायची

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या सांगण्यावर लाकूड वगैरे कापणारं मशीन. त्यावर जॉब अर्ध्यावर असताना यूएसबी तुटतं, कोणी हात न लावता लिमिट स्विचचा (ॲक्सिसच्या टोकाला बसवलेल्या स्विचचा) अलार्म येतो, टूल प्लेटला टेकायच्या आधीच प्रोब "टेकलं" म्हणतो, किंवा फ्रेमला हात लावला की बोटाला मुंग्या येतात. यातलं काहीही झालं की बहुतेक जण आधी फेराइट (नॉइज अडवायला केबलवर बसवायची कडी) मागवतात, मग शिल्डेड केबल, मग नवा कंट्रोलर बोर्ड, आणि एवढं सगळं बदलून झाल्यावर कळतं की अर्थची वायर ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर नुसती स्क्रूने आवळली होती आणि तिचा धातूशी संबंधच नव्हता. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी सेफ्टीचं अर्थिंग मोजून पक्कं करायचं, मग नॉइज (वायरींत घुसणारे नको असलेले विजेचे सिग्नल) कुठून येतोय ते शोधायचं, आणि पार्ट विकत घ्यायचे ते सगळ्यात शेवटी.

## आधी "ग्राउंड" म्हणजे नक्की कोणता ते ठरवा

मशीनवर तीन वेगळ्या गोष्टींना आपण ग्राउंड म्हणतो आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

पहिला, सेफ्टी अर्थ. प्लगच्या अर्थ पिनपासून निघणारी हिरवी-पिवळी वायर, जी सगळ्या धातूच्या भागांना जोडलेली असते. फेज चुकून फ्रेमला लागला तर मोठा करंट या वायरने परत जातो आणि एमसीबी पडतो, हे तिचं काम.

दुसरा, झिरो व्होल्ट. हा २४ व्होल्ट किंवा ५ व्होल्ट सप्लायचा मायनस, कंट्रोलरच्या सिग्नलचा रेफरन्स. याचा आणि फ्रेमचा संबंध असला तर तो फक्त एकाच ठिकाणी असावा.

तिसरी, केबलची शिल्ड. ही नॉइज गोळा करून बाहेर काढायला असते, तिच्यातून सप्लायचा करंट कधीच न्यायचा नाही.

फ्रेमलाच मायनस समजून लिमिट स्विचची एक वायर वाचवणारे बरेच सापडतात. तुमच्या मशीनवर असं केलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर पुढचं सगळं मोजणं फुकट जाईल.

## तयारी

मल्टिमीटर, क्रिम्पिंग टूल, रिंग लग, दातेरी वॉशर, बारीक पॉलिशपेपर, १.५ ते २.५ चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी मल्टिस्ट्रँड वायर, आणि अर्थच्या सगळ्या वायरी एका जागी आणायला पितळेची किंवा तांब्याची पट्टी. सोबत एक कागद-पेन ठेवा, आकडे डोक्यात राहत नाहीत.

मीटरबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. कंटिन्युइटीचा "बीप" हा पुरावा नाही. बऱ्याच मीटरमध्ये तीस-चाळीस ओहमपर्यंत बीप वाजतो आणि सेफ्टी अर्थसाठी तीस ओहम म्हणजे काहीच जोडलेलं नाही असं धरा. ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना लावून काय येतं ते बघा (साधारण ०.२ ते ०.५ ओहम असतं) आणि पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून तेवढं वजा करा.

सावधान: प्लग सॉकेटमधून उपसा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. व्हीएफडी (टूल फिरवणाऱ्या मोटरचा, म्हणजे स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर प्लग काढल्यावरही आत कपॅसिटर भरलेले असतात, २३० व्होल्ट सप्लायवर आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतो. मॅन्युअलमध्ये थांबायची वेळ दिली असेल तेवढं थांबा, नसेल दिली तर निदान दहा मिनिटं, आणि मग डीसी बसच्या टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज उतरलंय हे बघूनच हात घाला.

## टप्पा १: सॉकेटवर विश्वास ठेवू नका

मशीनमध्ये कितीही छान अर्थिंग केलं आणि भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थ नसेल तर उपयोग शून्य. एसी रेंजवर तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत. तिसरं एखाद-दोन व्होल्ट असेल तर ठीक. अर्थ पिन हवेत असेल तर फेज-अर्थला सप्लायपेक्षा बराच कमी, इकडे-तिकडे फिरणारा आकडा दिसतो.

इथे एक फसवणूक होते. त्याच लाइनवर मोठा लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० दाखवत असेल तर खुश होऊ नका, कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून ठेवलेले असू शकतात. अशा सॉकेटवर मागे कुठे न्यूट्रल तुटला तर तुमची अख्खी फ्रेम लाइव्ह होते.

आणि व्होल्टेज बरोबर आलं म्हणजे अर्थ दणकट आहे असंही नाही. मीटर जवळजवळ करंटच घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो सुंदर आकडा दाखवतो. अर्थ फॉल्ट करंट पेलेल की नाही हे लूप इम्पिडन्स टेस्टरने बघतात, ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. सॉकेटमध्ये गडबड दिसली तर मशीनचं काम तिथेच थांबवा.

नेहमीची चूक: सीएनसीसाठी बाहेर जमिनीत वेगळा रॉड ठोकून फ्रेम फक्त त्याला जोडणं. समजा त्या रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम आला, तर २३० व्होल्टचा फॉल्ट झाल्यावर करंट वाहणार ११.५ अँपिअर, म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही आणि फ्रेम लाइव्ह राहणार. शिवाय घराचं अर्थ आणि तुमचा रॉड यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो फरक बरोबर यूएसबी केबलमधून वाट काढतो. नॉइज कमी करायला केलेला उपाय, आणि नॉइजसाठी नवीन रस्ता तयार.

## टप्पा २: अर्थ पिनपासून प्रत्येक धातूपर्यंत मोजा

प्लग बाहेर काढलेला. मीटरचा एक प्रोब प्लगच्या अर्थ पिनवर धरा, दुसरा एकेका भागावर: एसएमपीएसची (डीसी पॉवर सप्लायची) बॉडी, कंट्रोल बॉक्स, बॉक्सचं दार, बेडची फ्रेम, गँट्रीच्या (बेडवरून सरकणाऱ्या कमानीच्या) दोन्ही बाजू, झेडची (टूल वर-खाली नेणारी) प्लेट, स्पिंडलची बॉडी, स्टेपर मोटरच्या बॉडी. प्रत्येकाचा आकडा लिहा. प्रोबचा दाब पृष्ठभागावर नको, स्क्रूच्या डोक्यावर किंवा खरवडलेल्या जागी द्या, कारण ॲनोडायझिंग हे इन्सुलेटर असतं आणि पावडर कोटिंग तर असतंच.

प्रोबचं वजा करून ०.५ ओहमच्या आत यायला हवं, ०.१-०.२ आलं तर उत्तम. एक ओहमच्या वर काही दिसलं तर तो जोड उघडायचा.

गँट्री आणि झेड इथे हमखास नापास होतात. कारण सरळ आहे, प्लास्टिकच्या व्ही-व्हीलवर चालणारी गँट्री फ्रेमपासून पूर्ण वेगळी असते, आणि लिनिअर रेल असली तरी बॉल आणि रेलच्या मध्ये ग्रीसचा थर असतो. मशीन उभी असताना ०.३ ओहम दाखवेल आणि चालताना तो जोड तुटत-लागत राहील, जे नॉइजच्या बाबतीत अजूनच वाईट. म्हणून हलणाऱ्या प्रत्येक भागाला स्वतःची लवचिक अर्थ वायर हवी, ड्रॅग चेनमधून नेलेली.

तपासा: एक प्रोब अर्थ पिनवर, दुसरा झेड प्लेटवर क्लिपने लावा आणि गँट्री हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. आकडा नाचला तर वायर कुठेतरी आतून तुटत आलीय.

बोटाला मुंग्या येण्याचं उत्तरही बहुतेक वेळा याच टप्प्यात मिळतं. एसएमपीएसच्या इनपुट फिल्टरमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. बॉडीला अर्थ नसेल तर ती सप्लायच्या साधारण अर्ध्या व्होल्टेजवर तरंगते. करंट अगदी थोडा असतो म्हणून "चालतं की" म्हणून लोक सोडून देतात. पण मुंग्या येतायत म्हणजे अर्थ वायर तुटलीय, आणि उद्या खरा फॉल्ट झाला तर तीच वायर लागणार होती.

## टप्पा ३: सगळे अर्थ एका जागी आणा

कंट्रोल बॉक्समध्ये पितळी पट्टी बसवा. प्लगकडून आलेली अर्थ वायर आधी तिथे. मग तिथून प्रत्येकाला वेगळी वायर: एसएमपीएस, व्हीएफडी, बॉक्स, दार, बेड, गँट्री, झेड. एसएमपीएसवरून व्हीएफडीला, तिथून फ्रेमला, फ्रेमवरून गँट्रीला अशी साखळी करू नका. साखळीत व्हीएफडीचा नॉइज करंट पुढच्या प्रत्येकाच्या वायरमधून जातो, आणि मधला एक स्क्रू सैल झाला की पुढचे सगळे बिनअर्थचे.

जोड करताना क्रम असा: जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिशपेपरने घासा, दातेरी वॉशर ठेवा, त्यावर क्रिम्प केलेला रिंग लग, मग वॉशर आणि नट. ॲल्युमिनियम उघडं पडलं की त्यावर लगेच ऑक्साइड चढायला लागतो, म्हणून घासून तसंच सोडून जेवायला जाऊ नका. मोटर किंवा रेल धरून ठेवणारा स्क्रू अर्थसाठी वापरायचा नाही, वेगळं भोक पाडा, कारण पुढे कधीतरी तुम्ही मोटर काढणार आणि अर्थ परत लावायला विसरणार.

स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला सोल्डर लावायची सवय असेल तर ती इथे सोडा. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांत टर्मिनल सैल होतं. फेरुल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावा.

आता झिरो व्होल्टचं काय? आधी मोजा. कंट्रोलरला यूएसबी लावलेलं नसताना एसएमपीएसच्या मायनस आणि अर्थमध्ये रेझिस्टन्स बघा. खूप जास्त असेल तर सप्लाय तरंगता आहे, म्हणजे अर्थला कुठेच जोडलेला नाही. काही ओहमच असेल तर कुठेतरी जोड आहे, तो मुद्दाम केलेला आहे की मोटरची वायर फ्रेमला घासून लागलीय हे शोधा. यूएसबी लावून परत मोजा. डेस्कटॉप किंवा तीन पिनी चार्जरवाला लॅपटॉप असेल तर बहुतेक वेळा यूएसबीचा मायनस कॉम्प्युटरच्या आतून अर्थला जोडलेला असतो, म्हणजे तो एक जोड तुमच्याकडे आधीच आहे. त्यावर पितळी पट्टीकडून अजून एक दिला की झाला लूप, म्हणजे अर्थला दोन वाटा आणि त्यांतून फिरणारा करंट. कंट्रोलर यूएसबीशिवाय चालत असेल आणि सप्लाय तरंगता असेल, तर एसएमपीएसच्या मायनसपासून पट्टीला एकच वायर देणं ठीक, बोर्डाचं मॅन्युअल नको म्हणत नसेल तर.

## टप्पा ४: स्पिंडल आणि व्हीएफडी

इथे जरा वेळ काढा, कारण हॉबी मशीनवर नॉइजचा सगळ्यात मोठा उगम हाच.

व्हीएफडी मोटरला गुळगुळीत साइन वेव्ह देत नाही, किलोहर्ट्झच्या वेगाने चालू-बंद होणारे चौकोनी पल्स देतो. त्या प्रत्येक धारेला मोटरच्या वाइंडिंगमधून बॉडीत थोडा करंट उडी मारतो आणि त्याला काहीही करून व्हीएफडीकडे परत जायचं असतं. केबलमध्ये अर्थ कोअर आणि शिल्ड असली तर तो तिथून गुपचूप परत जातो. नसली तर झेड प्लेट, गँट्री, लिमिट स्विचची केबल, कंट्रोलर, यूएसबी असा फिरून जातो. तुमचा भुताटकी अलार्म तो हाच.

म्हणून आधी स्पिंडलचा कनेक्टर काढा आणि चौथी पिन व स्पिंडलची बॉडी यात मोजा. बऱ्याच स्वस्त स्पिंडलमध्ये चौथी पिन आत कुठेच जोडलेली नसते, केबल चार कोअरची, कनेक्टर चार पिनचा, आणि अर्थ हवेत. उघडायची तयारी असेल तर वरचं झाकण काढून पिनपासून बॉडीला वायर देता येते. नसेल तर स्पिंडलच्या धातूच्या क्लॅम्पवर घासून लग लावा आणि ती वायर केबलसोबतच थेट व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला न्या. क्लॅम्प ॲनोडाइज्ड असतो हे लक्षात असू द्या, आतली बाजूसुद्धा, म्हणून वायर लावून झाल्यावर मीटर स्पिंडलच्या बॉडीवरच लावून बघा.

मोटर केबलची शिल्ड दोन्ही टोकांना जोडायची, व्हीएफडीकडे आणि स्पिंडलकडे. "शिल्ड एकाच टोकाला" हा नियम लिमिट आणि प्रोबसारख्या सिग्नल केबलचा आहे, लोक तो सगळीकडे लावतात. शिल्ड पिळून लांब शेपटी काढण्यापेक्षा धातूच्या क्लॅम्पने चहूबाजूंनी पकडा, एवढ्या वेगाच्या नॉइजला लांब शेपटी म्हणजे जवळजवळ तुटलेली वायर.

मोटर केबल लिमिट आणि प्रोबच्या केबलपासून निदान २० ते ३० सेंटिमीटर लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात. स्पीडसाठी कंट्रोलरपासून व्हीएफडीला ० ते १० व्होल्टची वायर गेली असेल तर त्या वायरीच्या मायनसमधून व्हीएफडीचा सगळा कचरा तुमच्या बोर्डात येऊ शकतो, आयसोलेटेड मॉड्यूल नसेल तर टेस्टसाठी ती काढून स्पीड व्हीएफडीच्या पॅनलवरून द्या.

सावधान: स्पिंडल चालू करताच आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो म्हणून अर्थ वायर काढणं, हा "उपाय" करू नका. व्हीएफडीचा फिल्टर काही मिलिअँपिअर अर्थमध्ये सोडतोच आणि त्याच लाइनवर अजून उपकरणं असली की बेरीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला जड जाते. उपाय म्हणजे वेगळी लाइन आणि व्हीएफडीला चालणाऱ्या टाइपचा आरसीसीबी.

व्हीएफडी नसून ब्रशवाला ट्रिम राउटर असेल तर तो बहुधा डबल इन्सुलेटेड, दोन पिनी असतो. त्याच्या आत उघडून अर्थ घालायचा नाही. त्याला धरणारा धातूचा माउंट अर्थ करा आणि राउटरचा प्लग कंट्रोलरपासून वेगळ्या सॉकेटवर लावा.

## टप्पा ५: आता नॉइज पकडा, एका वेळी एकच बदल

हवेत चालणारी वीसेक मिनिटांची फाइल करा, टूल न लावता. मग या क्रमाने:

१. स्पिंडल आणि व्हीएफडीचा प्लगच काढून फाइल चालवा.
२. व्हीएफडी चालू, स्पिंडल बंद.
३. स्पिंडल फिरतोय, ॲक्सिस थांबलेले. स्पीड खालून वर न्या.
४. दोन्ही सोबत.
५. त्यात धूळ ओढणारं व्हॅक्युम चालू.
६. खरं कटिंग.

पहिल्यातच अडकलं तर नॉइज विसरा, वायर सैल आहे किंवा सप्लाय कमी पडतोय. दुसऱ्या-तिसऱ्यात अडकलं तर टप्पा ४ परत. पाचव्यात अडकलं तर स्टॅटिक, किंवा व्हॅक्युमच्या मोटरचा झटका. सहाव्यातच होत असेल तर चिप आणि कंपनामुळे हलणारा कनेक्टर आधी बघा.

प्रत्येक बदलानंतर तीच फाइल परत. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रॉब्लेम गेला, तर कशामुळे गेला ते कळणार नाही आणि परत आला की पुन्हा शून्यातून.

## टप्पा ६: लिमिट स्विच आणि प्रोब

स्विच नॉर्मली ओपन लावले असतील तर नॉर्मली क्लोज्ड करा. ओपन असताना लांबलचक वायर नुसती अँटेना बनून पिनला लटकलेली असते, क्लोज्डमध्ये ती कायम झिरो व्होल्टला धरलेली असते, आणि वायर तुटली तर लगेच कळतं हा वरचा फायदा. जीआरबीएलमध्ये (बऱ्याच हॉबी बोर्डांवर चालणाऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये) त्यासाठी डॉलर ५ ($5) हे सेटिंग उलटं करावं लागतं.

अर्डुइनोवर चालणाऱ्या बोर्डांत चिपच्या आतला पुल-अप (पिनला सप्लायच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो, म्हणजे फारच कमजोर. बाहेरून २.२ ते ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि पिनच्या अगदी जवळ झिरो व्होल्टला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्यावर बरीच मशीनं शांत होतात. जास्तच त्रास असेल तर १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा ऑप्टोकपलर (थेट जोड न ठेवता प्रकाशाने सिग्नल नेणारा) इनपुट.

नेहमीची चूक: खोटा अलार्म येतो म्हणून डॉलर २६ वाढवणं. ते सेटिंग होमिंगच्या (मशीनने शून्य जागा शोधण्याच्या) वेळी स्विचची थरथर गाळण्यासाठी आहे, हार्ड लिमिटला (चालताना स्विच दबला की मशीन थांबवण्याला) त्याने काही फरक पडत नाही. डॉलर २१ शून्य करून हार्ड लिमिट बंद करणं हे फक्त "अलार्म लिमिटमुळेच येतोय का" एवढं बघायला ठीक, तसंच कायम चालवायला नाही.

प्रोबची क्लिप टूललाच लावा. स्पिंडल अर्थ आहे म्हणून क्लिपशिवाय प्रोब चालतो असं काहींचं म्हणणं असतं, पण ते सर्किट बेअरिंगच्या ग्रीसमधून जातं, एखाद्या दिवशी जोड लागला नाही की टूल सरळ प्लेटमध्ये. प्रोबिंग झालं की प्रोबची वायर कनेक्टरवरून काढून ठेवा.

## टप्पा ७: यूएसबी

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर तीच फाइल चालवा. प्रॉब्लेम गेला तर लूप सापडला. पहिला उपाय फुकट आहे, कॉम्प्युटर आणि मशीन एकाच सॉकेटच्या एकाच अर्थवर लावा. दुसरा, छोटी आणि शिल्ड असलेली केबल, कंट्रोलरच्या टोकाजवळ फेराइटवर दोन-तीन वेढे. तिसरा, यूएसबी आयसोलेटर (विजेचा थेट जोड तोडून फक्त डेटा नेणारा). बरेच आयसोलेटर १२ मेगाबिट प्रति सेकंदापर्यंतच चालतात, जीआरबीएल बोर्डला ते भरपूर झालं, पण त्याच आयसोलेटरवर कॅमेरा लावायला जाऊ नका. यूएसबी नकोच असेल तर नेटवर्क पोर्टवाला कंट्रोलर घ्या, त्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर आयसोलेशन असतंच, फक्त केबल बिनशिल्डची वापरा.

## टप्पा ८: धुळीचा पाइप

प्लास्टिकच्या पाइपमधून भुसा आणि एमडीएफची धूळ घासत गेली की चार्ज साठतो, आणि कोरड्या हवेत तो गँट्रीवर उडी मारतो. ठिणगी दिसते किंवा "टक" आवाज येतो आणि त्याच क्षणी बोर्ड रिसेट. पाइपच्या आतून-बाहेरून उघडी तांब्याची तार गुंडाळून दोन्ही टोकं अर्थला द्या. प्लास्टिक स्वतः इन्सुलेटर असल्याने तारेजवळचाच चार्ज उतरतो, म्हणून वेढे जवळजवळ घ्या, किंवा सरळ आत तार असलेला अँटिस्टॅटिक पाइप घ्या आणि त्याच्या तारेचं टोक खरंच उघडून अर्थला जोडा. ते टोक रबराच्या कफमध्ये तसंच दडलेलं ठेवलं तर त्या पाइपचा काहीच फायदा नाही.

## इतकं करूनही मशीन अडकत असेल तर

मापं सगळी बरोबर, बॅटरीवरही तेच, स्पिंडल बंद असतानाही तेच, तर अर्थिंगचा पाठलाग सोडा. स्टेप हुकतायत पण अलार्म नाही, तर ड्रायव्हरचा करंट, ॲक्सिलरेशन आणि शाफ्टवरचा कपलिंगचा स्क्रू बघा. कनेक्शन तुटतं पण बोर्ड रिसेट होत नाही, तर कॉम्प्युटरचं स्लीप आणि यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद करा. आणि फक्त एकाच कोपऱ्यात गेल्यावर अडकतं, तर ड्रॅग चेनमधली कुठली तरी वायर त्या वळणावर तुटलीय, एकेक वायर मीटरला लावून चेन वाकवत बसा, सापडेल.